पोरींवर ठेवलेली टोपी

न्हावऱ्याला आमच्या मळ्यात जिथं खळं होतं तिथं आता कांद्याची चाळ उभी आहे. परवा माहेरी गेले तेव्हा संध्याकाळी भाचरं त्या चाळीच्या सावलीत बसली होती. टीव्हीवरच्या कबड्डीचा नवा हंगाम तोंडावर आला होता आणि यंदा कुठला संघ जिंकणार याची भाकितं मोबाईलवर बोटं आपटत चालली होती. थोरल्यानं मला विचारलं, "आत्या, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "भाकीत चुकलं तर काय होतं रे?"

"काय न्हाई. पॉइंट जात्यात."

मला हसूच आलं. पॉइंट म्हणे! आमच्या गावात भाकीत चुकलं की डोक्यावरची टोपी जायची. मग माणसानं होळीपर्यंत बोडक्या डोक्यानं गावात हिंडायचं. भाचरांना ते काही कळेना. त्यांना टोपी म्हणजे उन्हात घालायची ती, पुढं छज्जा असलेली. मी चाळीच्या कडेला बसले. कांद्याचा उग्र वास येत होता आणि त्याच्याखालून, खोटं नाही सांगत, मला शेणानं सारवलेल्या खळ्याचा वास यायला लागला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकता मागं पडला होता. आदल्या साली त्या खळ्यावर दाणासुद्धा पडला नव्हता, आई आणि आप्पा खडी फोडायला जात होते. यंदा मात्र बाजरी अशी आली की कणसं हातात मावत नव्हती. दसरा झाला की आप्पा खळं करायला घ्यायचे. जमीन खोदून, पाणी मारून, तुडवून, वर शेणकाला. वाळलं की त्यावर अनवाणी चालायला इतकं गार आणि गुळगुळीत लागायचं की आम्ही मुद्दाम लोळायचो. मग मळणी. मधोमध लाकडाचा तिवडा रोवलेला, त्याला बांधलेले बैल गोल गोल फिरतायत, बाजरीचं कूस अंगाला चिकटून जीव नकोसा झालाय, आणि लांब कुणाच्या तरी गुऱ्हाळातून काकवीचा वास येतोय. दिवाळी आली हे मला पणत्यांवरून कधी कळलं नाही. मानेला खाज सुटली की दिवाळी आली.

मळणी उरकली की रानातली माणसं मोकळी होत आणि हुतुतूचा हंगाम सुरू होई. शाळेत आम्ही कबड्डी म्हणायचो, म्हातारी माणसं शेवटपर्यंत हुतुतूच म्हणत राहिली. शिरूर, दौंड, राहू, न्हावरं असे संघ गावोगाव सामने खेळत. हंगामाचा शेवट माघात दौंडला, रेल्वेच्या मैदानाच्या कडेला. तिथं जिंकेल तो खरा.

पण खेळाच्या आधी बोलणं. पाडव्याच्या दुपारी एसटी स्टँडसमोर बबनतात्यांच्या चहाच्या हॉटेलात सगळं गाव जमायचं. अंगाला उटण्याचा वास, खिशात चिवडा, आत स्टोव्हचा भर्रर्र आवाज. तात्या शहाबादी फरशीवर कोळशानं चौकोन आखायचे, एकेका गावाचा एकेक. ज्याला भाकीत करायचं त्यानं पुढं यायचं, डोक्यावरची टोपी काढून आपल्या चौकोनात ठेवायची, सगळ्यांदेखत गावाचं नाव घ्यायचं आणि टोपी उचलून पुन्हा डोक्यावर घालायची. झालं. टोपी ठेवली म्हणजे शब्द ठेवला. माघात ज्याचं भाकीत खोटं ठरेल त्यानं आपली टोपी तात्यांकडं आणून द्यायची. तात्या ती हॉटेलातल्या दोरीवर चिमट्यानं अडकवायचे. होळीला परत. तोवर रानात टॉवेल गुंडाळला तर चालेल, गावात डोक्यावर काही नाही.

त्या दुपारी काय एकेक पंडित बोलायचे!

"दौंडच्या पोरांचा दम लांब बगा. इंजनाच्या धुरात वाढल्याली हायती. त्यांची छाती फुटत न्हाई."

"शिरूरचं काय?"

"शिरूरचा डावा कोपरा गेला."

"कुठं गेला?"

"सासुरवाडीला. वैशाखात लगीन झालं त्याचं. आता तो दुसऱ्याचा पाय धरतोय व्हय? सासऱ्याचं धरतोय."

असं सगळं. ज्यानं आयुष्यात एक चढाई केली नाही तोही कुणाचा गुडघा कसा आहे ते सांगायचा, आणि बाकीचे माना डोलवायचे. मला ती दुपार दिवाळीच्या फराळापेक्षा आवडायची. पुढं काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही आणि तरी सगळे इतके खात्रीनं बोलतायत, याच्यात काय गोडी असते ती मी तिथं शिकले.

या सगळ्यांत खात्रीचा राजा म्हणजे माझे वडील, आप्पा. आप्पांना 'बहुतेक' हा शब्द येत नव्हता. गाय व्यायच्या आधी ते वासराचा रंग सांगायचे. दौंडची बस किती उशिरा येईल ते सांगायचे. दुष्काळ पडणार नाही असंही त्यांनीच सांगितलं होतं. चुकले तर तोंड पाडत नसत. पुढचं भाकीत तयार असायचं.

त्या पाडव्याला मी आणि माझी मैत्रीण शमीम स्टँडवर उभ्या होतो. भाऊबीजेला आत्या येणार होती, तिचं गाठोडं घ्यायला. शमीम मणियारांची. तिची आई गावात बांगड्या भरायची, त्यामुळे मनगट कसं धरायचं याचं शिक्षण शमीमला घरातूनच मिळालं होतं. तिच्या हातात सापडलेली पोरगी सुटायची नाही. दौंडच्या सामन्यांत तेव्हा मुलींचा गट नवाच निघाला होता आणि आमच्या शाळेतल्या बाईंनी आमचा संघ उभा केला होता. शर्टावर निळ्या चड्ड्या. त्या चड्ड्यांची गावात चर्चा आठवडाभर चालली, आमच्या खेळाची एक दिवस नाही.

आप्पा हॉटेलात शिरले. फरशीकडे पाहिलं.

"पोरींचा चौकोन कुठाय?"

माणसं हसली. बबनतात्या म्हणाले, "आप्पा, पोरींवर टोपी कोन ठेवनार?"

आप्पांनी तात्यांच्या हातातला कोळसा घेतला, खाली बसून स्वतः चौकोन आखला, जरा वाकडाच, आणि टोपी काढून त्यात ठेवली. "न्हावऱ्याच्या पोरी. दौंडला ह्याच जिंकणार. लिहून ठिवा न्हाईतर नका ठिवू."

रस्त्याच्या अलीकडून मी ते पाहिलं. आप्पांचं डोकं मी तसं उघडं फारसं पाहिलेलं नव्हतं. टोपीच्या रेषेखालचा चेहरा उन्हानं रापलेला, वरचा भाग गोरापान, जणू दुसऱ्याच कुणाचा. शमीमनं माझं मनगट दाबलं. आत्याची बस येऊन गेली तरी आम्ही तिथंच होतो. आत्याला गाठोडं स्वतःच उचलावं लागलं आणि तिनं ते वर्षभर ऐकवलं.

आम्ही सराव खळ्यावर करायचो. बाजरी घरात गेल्यावर आप्पांनी खळं आम्हाला दिलं, पण एका अटीवर. "तिवडा उपटायचा न्हाई. पुढं जवारी हाय." त्यामुळे रेषा आखली की एका बाजूच्या अंगणात बरोबर मधोमध तो लाकडी खुंट उभा. सुरुवातीला नडगीवर आपटून आम्ही रडलो. मग पायांनाच कळायला लागलं. चढाई करून परत फिरताना त्या जागेशी आलं की अंग आपोआप उजवीकडं वळायचं, एक गिरकी, आणि रेषा. डोळे मिटूनसुद्धा मी ते केलं असतं.

हीच गिरकी शिरूरला आमच्या कामी आली. तिथं मैदानात तिवडा नव्हता, पण आमचे पाय तो आहे असंच समजून धावत होते. शिरूरच्या पोरींना काही समजेना. त्या सरळ वाटेवर आम्हाला अडवायला उभ्या आणि आम्ही मोकळ्या जागेला वळसा घालून पसार. एकजण ओरडली, "अगं, ह्या काय वाऱ्याला परदक्षिना घालत्यात का?" आम्ही जिंकलो. परत येताना एसटीच्या टपावरच्या कोंबड्यांपेक्षा आमचाच आवाज मोठा होता. मग आजूबाजूच्या गावांतही जिंकलो. हॉटेलात आप्पांना बसायला जागा मिळायला लागली. तात्या त्यांच्या चहात मलई घालू लागले.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, जमलं. स्थळ राहूचं. नवऱ्यामुलाचे वडील उंचेपुरे, टोपी इतकी कडक की वाऱ्यात हलायची नाही, आणि कबड्डीचे असे वेडे की मुलगी बघायला आले ते निम्मा वेळ आप्पांशी पकडींवरच बोलत बसले. टोपी ठेवायची रीत तोवर राहूलाही पोचली होती. त्यांनी आपली टोपी राहूच्या पोरींवर ठेवलेली. दोघांचं छान जुळलं. मुहूर्त माघातला निघाला, दौंडचे सामने झाले की लगेच.

पाहुण्यांची पाठ वळल्यावर आईनं विचारलं, "आन् टोपीचं काय?"

"कसलं काय?"

"हारल्या पोरी तर? होळीच्या आदी लगीन हाय. नवरीचा बाप मांडवात बोडका हुभा ऱ्हानार? मानसं इचारतील, घरात सुतक हाय का काय!"

"हारायचा परश्नच कुठाय?" आप्पा म्हणाले.

अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. ती फक्त माझ्याकडं बघून म्हणाली, "जिंक गं बाई." त्या दिवसापासून माझं खेळणं बदललं. आधी मी मजेत धावत होते. आता चढाईला गेले की दिसायचं ते आप्पांचं गोरं कपाळ, मांडवात, सगळ्या सोयऱ्यांसमोर.

दौंड म्हणजे कोळशाच्या धुराचा वास. मैदानाच्या पलीकडून गाड्या जायच्या आणि इंजिनाची शिट्टी झाली की पंचाची शिट्टी ऐकू यायची नाही. त्यावरून भांडणं व्हायची, ती मिटायची, परत व्हायची. माघाची गोड थंडी, दोरीपलीकडं भुईमुगाच्या शेंगा फोडणारी माणसं, पायाखाली खरखरीत मुरूम. आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. समोर राहू. दोरीच्या एका बाजूला आप्पा, त्यांच्या शेजारी होणारे व्याही, दोघांच्या मांडीवर एकच शेंगांचा पुडा.

शेवटची चढाई माझी होती. आम्ही एका गुणानं मागं. मी दम धरला आणि गेले. एकीच्या खांद्याला हात लागला, दुसरीच्या पंजाला पाय. दोघी बाद. आता रेषा गाठली की आम्ही जिंकलो. मी परत फिरले. आणि पायांनी आपलं काम केलं. रिकाम्या मैदानात, जिथं काही नव्हतं तिथं, मी उजवीकडं गिरकी घेतली. राहूची कप्तान तिथंच उभी होती. माझी वाट बघत, अगदी निवांत. तिनं कंबरेला मिठी मारली आणि माझा दम सुटला.

मला हात देऊन उठवताना ती म्हणाली, "आमच्याकडंबी खळी हायती की गं. तुमचा तिवडा मी शिरूरलाच वळखला."

आजही मला त्या पोरीचं कौतुक वाटतं. तेव्हा मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी दोरीकडं पाहिलं तर आप्पांनी टोपी आधीच काढली होती. व्याही त्यांना काहीतरी सांगत होते आणि आप्पा मान हलवत होते.

एसटीत मी खिडकीशी तोंड करून रडत होते. आप्पा शेजारी बसलेले, टोपी मांडीवर. म्हणाले, "रडू नगं. पकड चांगली हुती तिची. चांगल्याला चांगलं म्हनावं." न्हावऱ्याला उतरले ते सरळ हॉटेलात गेले आणि कुणी काही बोलायच्या आत टोपी तात्यांच्या हातात दिली. घरी बोडक्या डोक्यानं आले. गोठ्यातला कुत्रा त्यांच्यावर भुंकला.

मग आठवडाभर आईनं काय काय केलं! टोपी नको तर फेटा चालेल का? नाही. फेटा नको तर नुसता टॉवेल? गावात नाही. शेवटी ती पदर खोचून स्वतः हॉटेलात गेली. तात्या भला माणूस. म्हणाले, "वैनी, टोपी घिऊन जावा. मी डोळं झाकतो. नवरीचा बाप हाय, कोन काय म्हनंल?" आई टोपी पदराखाली झाकून घेऊन आली. आप्पांनी ती पाहिली, उचलली आणि पुन्हा हॉटेलकडं निघाले. आई दारात आडवी झाली.

"अवो, बबनतात्यानं डोळं झाकलं!"

"बबन झाकील. मी कसं झाकू?" आप्पा म्हणाले.

घरात हळदीचा वास, जात्यावरच्या ओव्या, उंबराच्या डहाळ्या लावलेला मांडव, आणि मी मात्र त्या सगळ्यातून भुतासारखी फिरत होते. मला कुणी बोल लावत नव्हतं. त्याचाच जास्त त्रास व्हायचा. अक्कानं एकदा माझ्या हातावर मेंदी लावता लावता म्हटलं, "तू तोंड असं करून करवली झालीस तर फोटूत लोक तुलाच नवरी समजतील. सासरी निगाल्याली." मी हसले.

लग्नाचा दिवस उजाडला. राहूचं वऱ्हाड दोन टेम्पोंतून आलं. आप्पा वेशीपर्यंत सामोरे गेले, नवं धोतर, नवी पैरण, आणि वर तेवढं उघडं डोकं. माघाचं ऊन त्यावर पडलेलं. बायकांच्यात कुजबुज झाली. एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलंच, "कोन गेलं गं ह्यांच्यातलं?" आप्पांनी ऐकलं. चेहरा हलला नाही. ते ताठ चालत होते, रोजच्यापेक्षाही ताठ.

मग व्याहीभेट. आमच्याकडं व्याह्यांनी एकमेकांना टॉवेल-टोपी द्यायची, गळाभेट घ्यायची, मगच पुढचं. ताटात नारळ, घडी घातलेला टॉवेल आणि त्यावर कोरी करकरीत टोपी. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! व्याह्यांनी टोपी उचलली आणि आप्पांच्या डोक्यावर घालायला हात वर केला. वाजंत्रीवाल्यांनी हात थांबवले. घातली तर शब्द मोडला. नाही घातली तर व्याह्याचा अपमान, तोही दारात, तोही पहिल्याच दिवशी. आईनं तोंडाला पदर लावला. मी करवली, हातात करा घेऊन आप्पांच्या मागंच उभी होते.

आप्पांनी वरच्यावर त्यांचं मनगट धरलं. "थांबा पाव्हणं." टोपी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मग मागं वळले.

"ये हिकडं."

मी पुढं झाले. त्यांनी माझ्या डोक्यावर, वेणीवरच्या शेवंतीच्या गजऱ्यावर, ती टोपी ठेवली. नीट बसेना, तेव्हा दाबून बसवली. आणि पाडव्याला हॉटेलात काढायचे तसल्या आवाजात सगळ्या मांडवाला सांगितलं, "टोपी घेतली. पाव्हण्यांचा मान घेतला. आन् ही आत्ताच ठेवली. पुढल्या साली दौंडला न्हावऱ्याच्या पोरी!"

व्याही म्हणाले, "आन् परत हारल्या तर?"

"तर ह्या धाकटीच्या लग्नातबी असाच हुभा ऱ्हाईन."

व्याही असे हसले की त्यांची ती कधी न हलणारी टोपी मागं सरकली. त्यांनी आप्पांना मिठी मारली, वाजंत्री एकदम सुरू झाली, ती म्हातारीही हसायला लागली. मी अक्काच्या मागं अक्षता पडेपर्यंत डोक्यावर टोपी घालून उभी होते. मला इतका अभिमान आयुष्यात परत कधी वाटला नाही, पोरं झाली तेव्हासुद्धा नाही.

ज्वारी निघाल्यावर आप्पांनी तिवडा उपटला आणि पुढं दरसाल मळणीपुरताच रोवला. दरसाल त्यांनी टोपी आमच्यावरच ठेवली. कधी ती डोक्यावर राहिली, कधी होळीपर्यंत दोरीवर लटकली. पुढं काही वर्षांनी माझं जमलं तेव्हा सासरच्यांनी वैशाखातला मुहूर्त सुचवला होता. मी हटून बसले. म्हटलं, दौंडच्या सामन्यांनंतर लगेच, होळीच्या आधी, माघातच पाहिजे. आई कपाळाला हात लावून बसली. आप्पा नुसते मिशीत हसले.

माझ्या लग्नात आप्पा टोपी घालून उभे होते.